ढाल नसलेलं मानचिन्ह: आइसलंडच्या नाण्यांवरचे चार राखणदार

बाई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझं समजणं चुकलं असेल तर लगेच कळेल. तुमच्या भाच्याने आइसलंडहून पाच नाणी आणली: १, ५, १०, ५० आणि १०० क्रोनुरची. शाळेत देशोदेशीच्या नाण्यांचं प्रदर्शन आहे आणि प्रत्येक नाण्याखाली तुम्हाला चिठ्ठी लिहायची आहे. काट्याच्या बाजूचे मासे आणि खेकडा ओळखू आले. छाप्याच्या बाजूला मात्र बैल, पक्षी, ड्रॅगनसारखं काहीतरी आणि एक दाढीवाला. कोणी म्हणतं हे आइसलंडचं मानचिन्ह, कोणी म्हणतं जुने नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातले, देव. मानचिन्ह म्हणावं तर ढाल दिसत नाही, देव म्हणावं तर नाव सापडत नाही. शिवाय नाणी काळवंडली आहेत ती चिंचेने घासू का, आणि त्यांची किंमत किती, हेही तुम्ही विचारलंय.

घासू नका. हे सगळ्यात आधी सांगते, कारण बाकीचं वाचून होईपर्यंत चिंच भिजत पडलेली असेल. कारण पुढे देते.

आता मूळ प्रश्न. कुठला प्राणी कुठला, हे पाच मिनिटांत सांगता येईल. पण तुमचा अडलेला मुद्दा वेगळा आहे आणि तो अगदी बरोबर आहे: ढाल नसताना याला मानचिन्ह म्हणायचं का? परदेशी नाणी लावण्यात आणि ओळखण्यात माझी २८ वर्षं गेली, आणि या देशाच्या नाण्यांपाशी मीही नेमकी इथेच अडखळले होते. माझ्याकडे पहिल्यांदा आलं ते एकटं १ क्रोनाचं नाणं. त्यावर फक्त तो दाढीवाला, समोर बघणारा. मी पाकिटावर पेन्सिलीने 'ओडिन', म्हणजे नॉर्स देवांतला मुख्य देव, असं लिहून मोकळी झाले. दोन-तीन वर्षांनी एका जुन्या संग्राहकाने ते पाकीट बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "ताई, याचे तीन सोबती आणा, मग नाव लिहा." तेव्हापासून एकट्या नाण्यावरून चित्राचं नाव ठरवायचं मी सोडून दिलं.

युरोपीय मानचिन्हाची रचना थोडी समजून घेऊ. मधे ढाल असते, आणि ढालीवर जे काढलेलं असतं तेच खरं चिन्ह. ढालीच्या दोन बाजूंना तिला धरून उभे असतात ते ढालधारी. ब्रिटनच्या मानचिन्हात एका अंगाला सिंह आणि दुसऱ्या अंगाला एकशिंगी घोडा उभा असतो, तसे. नियमाने बघितलं तर ढालधारी हे दुय्यम. जागा कमी पडली, उदाहरणार्थ नाणं लहान असलं, तर कारागीर आधी ढालधारी वगळतो आणि ढाल ठेवतो. बहुतेक देशांत हेच दिसतं.

आइसलंडने उलटं केलं. त्यांच्या मानचिन्हात ढाल आहे: निळ्यावर पांढरा क्रॉस आणि त्या पांढऱ्याच्या आत लाल क्रॉस, म्हणजे त्यांचा झेंडाच ढालीवर चढवलेला. आणि ढालधारी दोन नव्हेत, चार. बघणाऱ्याच्या डाव्या हाताला बैल, उजव्या हाताला हातात काठी घेतलेला राक्षस, बैलाच्या वर गरुडासारखा महाकाय पक्षी आणि राक्षसाच्या वर ड्रॅगन. खाली लाव्हाच्या दगडाची लादी. चार ढालधारी असलेलं राष्ट्रीय मानचिन्ह दुर्मीळच. (मानचिन्हाच्या शास्त्रात डावं-उजवं हे ढाल हातात धरून उभ्या असलेल्या माणसाच्या बाजूने मोजतात, आपल्या बाजूने नाही. पुस्तकात 'उजवीकडे बैल' वाचलंत आणि चित्रात तो डावीकडे दिसला तर गोंधळू नका.)

१९८१ साली नवी नाणी काढली तेव्हा चित्रकार थ्रॉस्टुर माग्नुसन यांच्या रचनेत ढालच गेली. उरले ते चौघे. तुमच्या ५, १०, ५० आणि १०० च्या नाण्यांवर छाप्याची बाजू चार भागांत वाटलेली आहे आणि प्रत्येक भागात एकेक जण आहे. १ क्रोनावर एकटा राक्षस. म्हणजे तुम्ही बघताय ते मानचिन्हातलंच आहे, पण अख्खं मानचिन्ह नाही. चिठ्ठीवर 'मानचिन्ह' असं सरसकट लिहिलंत तर ते अर्धं खरं होईल. 'मानचिन्हातले चार राखणदार' लिहा.

राखणदार हा शब्द मी मुद्दाम वापरतेय. आइसलंडच्या भाषेत यांना लान्डव्हाइत्तिर म्हणतात, म्हणजे भूमीच्या ठायी राहणाऱ्या, तिची राखण करणाऱ्या शक्ती. माझं आजोळ तळकोकणातलं. तिथे गावाच्या वेशीचा, रानाचा, वहाळाचा राखणदार असतो; पलीकडे गोव्यात त्याला देवचार म्हणतात. त्याचं देऊळ असतंच असं नाही, मूर्ती नसते, पण रात्री त्याच्या हद्दीतून जाताना माणूस आवाज खाली आणतो. लान्डव्हाइत्तिर मला समजले ते या वाटेने. ओडिन, थॉर हे नॉर्स देव वेगळे, त्यांची घरं वर, त्यांच्या गोष्टी वेगळ्या. हे जमिनीचे. आइसलंडमधल्या वसाहतीच्या जुन्या नोंदींत एक नियम आहे: जहाजाच्या नाळेवर जबडा उघडलेलं ड्रॅगनचं डोकं असेल तर किनारा दिसायच्या आधी ते उतरवून ठेवायचं, नाहीतर भूमीचे राखणदार बिथरतील. हा नियम वाचल्यावर मला दुसऱ्या कुठल्या व्याख्येची गरज उरली नाही. पण हे साम्य वर्गात तोंडी सांगा, चिठ्ठीवर 'देवचार' लिहू नका. तुलनेने समजतं तेवढं घ्यावं, नाव ज्याचं त्याला राहू द्यावं.

आता हे चौघेच का? तर त्यामागे एक गोष्ट आहे, आणि मुलांना सांगायला तिच्याइतकी चांगली गोष्ट मला नाण्यांच्या दुनियेत फारशी सापडलेली नाही. स्नोरी स्टुर्लुसन नावाच्या आइसलंडच्या इतिहासकाराने १३व्या शतकात ती लिहून ठेवली. डेन्मार्कचा राजा हाराल्ड गॉर्म्ससन याच्या कारभाऱ्याने आइसलंडच्या एका जहाजावरचा माल बळकावला. आइसलंडचे लोक लांब, त्यांच्याकडे ना सैन्य ना राजा. त्यांनी ठराव केला, की दरडोई एक याप्रमाणे राजाची निंदा करणारं कवन रचायचं. राजा संतापला. आइसलंडवर चालून जायचं ठरवलं, पण आधी हेर पाठवला. हा हेर मांत्रिक होता आणि देवमाशाचं रूप घेऊन निघाला.

तो उत्तरेकडून बेटाला वळसा घालू लागला तर डोंगर नि टेकड्या राखणदारांनी भरलेल्या, लहान-मोठे सगळे. पूर्वेला व्होप्नाफ्योर्दुरच्या खाडीत शिरायला गेला तर दरीतून एक प्रचंड ड्रॅगन खाली आला, मागे साप, बेडूक, सरडे, सगळे विष फुंकत. तिथून मागे फिरून उत्तरेला एयाफ्योर्दुरला गेला तर एवढा मोठा पक्षी समोर आला की त्याचे पंख खाडीच्या दोन्ही अंगांच्या डोंगरांना टेकले होते. पश्चिमेला ब्रेइदाफ्योर्दुरला गेला तर एक बैल पाण्यात उतरून हंबरत अंगावर आला. शेवटी दक्षिणेच्या किनाऱ्याला लागायला गेला तर डोंगरातला राक्षस, हातात लोखंडी काठी, डोकं टेकड्यांपेक्षा उंच. तिथून पुढे पूर्वेकडे नुसती वाळू, लाटा आणि बंदर नसलेला किनारा. हेराने परत जाऊन सांगितलं की मधला समुद्र एवढा मोठा आहे की लढाऊ गलबतांनी तिकडे जाण्यात अर्थ नाही. राजा परतला.

या हाराल्ड राजाचं टोपणनाव 'निळा दात'. तुमच्या वर्गातल्या प्रत्येकाच्या घरातल्या फोनमध्ये जे ब्लूटूथ आहे त्याला याच राजाचं नाव दिलेलं आहे, आणि त्याची खूण त्याच्या नावाच्या दोन आद्याक्षरांच्या जुन्या लिपीतल्या आकारांची आहे. हे सांगितलंत की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा नाण्याजवळ येतील, हा माझा अनुभव आहे.

गोष्ट नकाशावर ठेवून बघा. ड्रॅगन पूर्वेला, पक्षी उत्तरेला, बैल पश्चिमेला, राक्षस दक्षिणेला. आइसलंडचे १०व्या शतकात चार विभाग पाडले होते, त्यांना तिथे 'चौथाई' अशाच अर्थाचा शब्द आहे, आणि एकेका राखणदाराकडे एकेक चौथाई येते. म्हणून ५ क्रोनुरच्या छाप्यावर चार भाग दिसतात तेव्हा मला ती नुसती सजावट वाटत नाही, देशाचा नकाशा वाटतो. हे माझं वाचन आहे, ते तसंच सांगते. पण मांडणी आणि गोष्ट एकमेकींत इतक्या चपखल बसतात की मी ते सोडायला तयार नाही.

इथवरचं थोडक्यात: छाप्यावर देव नाहीत, भूमीचे राखणदार आहेत, ते मानचिन्हातले ढालधारी आहेत, ढाल १९८१च्या नाण्यांवरून काढली आहे.

ढाल का काढता आली, हे समजायला थोडं मागे जावं लागेल. आइसलंड शतकानुशतकं डेन्मार्कच्या राजांकडे होतं आणि त्या काळात त्याची खूण होती लाल ढालीवर मुकुट घातलेला, पोट फाडून सपाट केलेला सुका मासा. कॉड. तिथे तो मीठ न लावता थंड वाऱ्यावर लाकडी मांडवांवर टांगून वाळवतात, लाकडासारखा कडक होईपर्यंत. (गोव्यात पोर्तुगिजांमुळे ओळखीचा झालेला बाकाल्याव तोही कॉडच, पण तो खारवलेला.) ज्या बेटाकडून राजाला मुख्यतः सुके मासे मिळतात त्या बेटाची खूण सुका मासा, असा सरळ हिशेब होता. १९व्या शतकात स्वराज्याची चळवळ उभी राहिली तेव्हा लोकांना ही खूण खुपायला लागली. १९०३ साली माशाच्या जागी निळ्यावर पांढरा ससाणा आला. १ डिसेंबर १९१८ला आइसलंड सार्वभौम राज्य झालं, राजा मात्र डेन्मार्कचाच. १९१९मध्ये झेंड्याची ढाल, वर मुकुट आणि बाजूला हे चार राखणदार असं मानचिन्ह ठरलं. १७ जून १९४४ला प्रजासत्ताक झालं. मुकुट गेला आणि त्रिग्वी माग्नुसन यांनी चौघांना नव्याने रेखलं. आज दिसतं ते तेच.

नाण्यांचा प्रवास याच्या सोबतीने झाला. १९२२पर्यंत डेन्मार्कचीच नाणी चालत. त्या वर्षी १० आणि २५ आउरारची पहिली स्वतःची नाणी निघाली (आउरार म्हणजे क्रोनाचा शंभरावा भाग, आपला पैसा). १९२५च्या १ आणि २ क्रोनुरवर मुकुटधारी ढाल आणि चौघे राखणदार आहेत. १९४६च्या त्याच नाण्यांवर चौघे आहेत, ढाल आहे, मुकुट नाही. माझ्याकडे ही दोन वर्षं एकाच पाकिटात शेजारीशेजारी ठेवलेली आहेत. भिंगातून बघताना ढालीच्या वरची ती रिकामी झालेली जागा दिसते, आणि प्रजासत्ताक म्हणजे काय हे मला दुसऱ्या कुठल्या चित्रातून इतकं स्पष्ट कळलेलं नाही.

मग १९८१. जुन्या क्रोनाची महागाईने पार रया गेली होती. शेवटच्या वर्षांत १ क्रोनाचं नाणं ॲल्युमिनियमचं, हातात घेतलं तर पानासारखं हलकं. १ जानेवारी १९८१ला १०० जुन्या क्रोनांचा १ नवा क्रोना केला आणि सगळी नाणी नव्याने आखली. त्यात छाप्यावर राखणदार आले आणि काट्यावर समुद्र आला.

आता मागची बाजू. १ क्रोनावर कॉड. ५ वर दोन डॉल्फिन, १० वर कॅपेलिनचा लहानसा थवा, चार मासे, साधारण आपल्या तारलीएवढे. ५० वर किनाऱ्यावरचा खेकडा, १०० वर लम्पफिश, अंगभर गाठींच्या रांगा असलेला बसका मासा, ज्याची गाभोळी खारवून विकतात. यातला डॉल्फिन मासा नव्हे आणि खेकडाही मासा नव्हे, तेव्हा चिठ्ठीवर 'मासे' न लिहिता 'समुद्रातले जीव' लिहा. शाळेचं प्रदर्शन आहे, विज्ञानाच्या सरांनी बोट ठेवायला नको.

जो कॉड लोकांना मानचिन्हात खुपत होता तोच स्वतःच्या हाताने नाण्यावर आणला, यात मला या सगळ्या नाण्यांचा जीव दिसतो. राजाने दिलेली खूण वेगळी आणि आपण निवडलेली वेगळी. मधल्या काळात काय घडलं ते बघा. आइसलंडने आपली मासेमारीची हद्द १९५८ला १२ सागरी मैल केली, १९७२ला ५० आणि १९७५ला २००. प्रत्येक वेळी ब्रिटनशी जुंपली. आइसलंडच्या गस्ती बोटी ब्रिटिश ट्रॉलर्सची जाळी कापायच्या, ब्रिटनची लढाऊ जहाजं आडवी यायची. जगाने याला 'कॉड युद्ध' म्हटलं. १९७६च्या फेब्रुवारीत दोन्ही देशांचे राजनैतिक संबंध तुटले, जूनमध्ये तह झाला आणि २०० मैलांची हद्द राहिली. आइसलंडची लोकसंख्या तेव्हा सव्वादोन लाखांच्या आसपास. आज ती चार लाखांच्या आत आहे, म्हणजे आपल्या कोल्हापूर शहरापेक्षा कमी. पाच वर्षांनी या देशाने सगळ्यात छोट्या क्रोनाच्या नाण्यावर, जे रोज प्रत्येकाच्या हातात येणार त्यावर, कॉड घातला. आणि ती नाणी पाडली कुठे, तर ब्रिटनच्या रॉयल मिंट टांकसाळीत. भांडण संपलं, काम सुरू झालं.

दोन बाजूंची ही वाटणी इतर छोट्या देशांतही सापडते. आयर्लंडने १९२८ला स्वतःची नाणी काढली तेव्हा एका बाजूला वीणेसारखं त्यांचं हार्प आणि दुसऱ्या बाजूला घोडा, बैल, सॅमन मासा, कोंबडी, डुक्कर घातले. ती समिती कवी येट्स यांच्या अध्यक्षतेखाली होती. एका बाजूला आम्ही कोण, दुसऱ्या बाजूला आम्ही कशावर जगतो. मोठ्या देशाला नाण्यावर राजा, सम्राट, विजय, स्मारक असं बरंच काही मांडायचं असतं. छोट्याला निवडावं लागतं, म्हणून तिथली निवड अधिक बोलकी. अर्थात चित्र हवंच असंही नाही. शिवरायांच्या तांब्याच्या शिवराईवर एकही चित्र नाही. 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' एवढीच अक्षरं, आणि तीही देवनागरी. त्या काळात अक्षरांची ती निवडच सर्वांत मोठी खूण होती.

तुमच्या संचात एक उणीव आहे, ती सांगते, कारण ती भरून काढणं अवघड नाही. १९८१ला काशाची ५, १० आणि ५० आउरारची तीन छोटी नाणीही निघाली होती. ५ आउरारवर एकटा पक्षी आणि मागे स्केट मासा (आपल्याकडच्या पाकटाचा भाऊबंद, तिथे नाताळच्या आधी २३ डिसेंबरला तो आंबवून खातात). १० आउरारवर एकटा बैल आणि मागे नळ मासा, म्हणजे स्क्विड. ५० आउरारवर एकटा ड्रॅगन आणि मागे कोळंबी. आणि १ क्रोनावर एकटा राक्षस. मूळ कल्पना अशी होती: चार राखणदार, चार नाणी, आणि मोठ्या नाण्यांवर चौघे एकत्र. पुढे महागाईत आउरारला किंमत उरली नाही आणि २००३ला ते चलनातून गेले. तीन राखणदारांची स्वतंत्र नाणी गेली, राक्षस तेवढा एकटा उरला. म्हणून माझ्या हातून ते 'ओडिन' झालं. परदेशी नाण्यांच्या कुठल्याही विक्रेत्याकडे मिसळ नाण्यांच्या डब्यात ही तिन्ही काशाची नाणी बऱ्याचदा स्वस्तात मिळून जातात. मिळाली तर घ्या, चौघे चार कोपऱ्यांत लावा, मधे बेटाचा नकाशा ठेवा.

आता किंमत. ती तीन गोष्टींवर ठरते: साल, धातू आणि नाण्याची अवस्था, आणि या तिन्ही मला तुमच्या वर्णनावरून कळत नाहीत. सर्वसाधारण सांगते. चलनातून फिरलेल्या या पाच नाण्यांना संग्राहकांच्या बाजारात विशेष भाव नाही. एका क्रोनाला आपले साठ-सत्तर पैसे धरा, दर हलता असतो. सगळी मिळून १६६ क्रोनुर म्हणजे शंभरेक रुपये. आणि परदेशी सुटी नाणी आपल्याकडे चलन बदलणारे सहसा घेत नाहीत. कोणी 'दुर्मीळ' म्हणून हजारांत मागत असेल तर ऐकू नका. नाणं कधीही न वापरलेलं, टांकसाळीतून आल्यासारखं झळझळीत असेल तर थोडं अधिक, एवढंच.

घासायचं का नाही, हे ५० आणि १०० च्या नाण्यांवर नीट दिसतं. ती निकेल मिसळलेल्या पितळेची आहेत, म्हणून ती हात लागून मंदावतात. चिंचेने ती लख्ख होतील हे खरं. पण आम्ल पितळेचा वरचा थर खातं, आणि ठसा पडताना धातू वाहून जी बारीक किरणांसारखी चमक तयार होते ती कायमची जाते. उरते ती भांड्यासारखी सपाट चकाकी. एकदा माझ्या हाती असं घासलेलं १०० क्रोनुरचं नाणं आलं होतं. लम्पफिशच्या अंगावरच्या गाठी बोटाला लागायच्या, पण भिंगाखाली त्यांच्या कडा विरघळल्यासारख्या झाल्या होत्या. ते मी आजही ठेवून आहे, घासू नका हे दाखवायला. फार मळ असेल तर कोमट पाण्यात धुण्याच्या साबणाचा एखादा थेंब टाका, नाणं बुडवून काढा, साध्या पाण्यात खळबळा आणि मऊ सुती कापडाने टिपून घ्या. पुसायचं नाही, टिपायचं. हातात घेताना कडेने धरा.

आणखी एक परीक्षा घरच्या घरी करता येईल. फ्रिजवरचं लोहचुंबक आणा. १९८०च्या दशकातली १ क्रोनाची नाणी तांबे-निकेलची आहेत, ती चिकटत नाहीत. १९८९पासून १ क्रोना निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादाचा झाला, आणि १९९६पासून ५ आणि १० सुद्धा. ही चटकन चिकटतात. वजनही उतरलं: १० क्रोनुर जुनं ८ ग्रॅम, नवं ६.९ ग्रॅम, आकार तोच २७.५ मिलिमीटर. किराणा दुकानाच्या काट्यावर नाही कळणार, सोनाराकडच्या काट्यावर कळेल. ५० क्रोनुर १९८७ला आलं आणि १०० क्रोनुर १९९५ला, तेव्हा यांच्यावर त्याआधीचं साल दिसलं तर मला जरूर कळवा, काहीतरी गडबड आहे.

'क्रोना' आणि 'क्रोनुर' यांतही लिहिताना गल्लत होते. एक असेल तर क्रोना, अनेक असतील तर क्रोनुर. अर्थ आहे मुकुट. मानचिन्हावरचा मुकुट १९४४ला गेला, पण चलनाचं नाव मुकुट राहिलं. ते शब्द म्हणून रुळलं आहे, त्याला आता कोणी हात लावत नाही.

चिठ्ठीवर मी असं लिहिलं असतं, तुम्हाला हवा तसा बदल करा:

आइसलंड. १, ५, १०, ५०, १०० क्रोनुर. छापा: देशाच्या मानचिन्हातले भूमीचे चार राखणदार (पूर्वेचा ड्रॅगन, उत्तरेचा पक्षी, पश्चिमेचा बैल, दक्षिणेचा डोंगरराक्षस), १ क्रोनावर फक्त राक्षस. काटा: भोवतालच्या समुद्रातले जीव (कॉड, डॉल्फिन, कॅपेलिन, खेकडा, लम्पफिश). मालिका १९८१पासूनची, चित्रकार थ्रॉस्टुर माग्नुसन.

पाचही नाणी एकाच बाजूने लावू नका, नाहीतर अर्धी गोष्ट काचेखाली दडून राहील. १ आणि १०० चा छापा वर ठेवा, ५, १० आणि ५० चा काटा. आणि १ किंवा ५ चं एखादं जास्तीचं नाणं भाच्याकडे असेल तर ते काचेबाहेर लोहचुंबकाशेजारी ठेवा, मुलांना लावून बघू द्या. साल वाचून मला लिहा, कुठल्या धातूचं आहे ते पडताळून सांगेन.